चहाला चाळीस मिनिटं

आमच्या गल्लीत कोणाकडेही पाहुणा आला, की त्याच्याशी पहिलं बोलणं यजमानांचं होत नाही, केशवकाकांचं होतं. पाहुण्याचा एक पाय गाडीत असतो, दुसरा नुकताच रस्त्याला लागलेला असतो, आणि चबुतऱ्यावरून प्रश्न येतो, "कितना टाइम?"

नवखा माणूस गडबडतो. कोणाकडे आलात, कुठून आलात, अशा प्रश्नांची त्याची तयारी असते. किती वेळ बसणार हे ठरवून कोणी घरून निघत नाही. तो हसून म्हणतो, "बस, थोड़ी देर." केशवकाका हसत नाहीत. "थोड़ी देर कोई टाइम नहीं होता. आप काम बताइए, टाइम हम बताते हैं."

आणि खरोखरच सांगतात. चहाला चाळीस मिनिटं. मी एकदा विचारलं, चाळीसच का? तर म्हणाले, "सूनबाई, सोपं आहे. पाणी आणि 'कसं काय' दहा मिनिटं, चहा पंधरा मिनिटं, आणि 'चला, निघतो आता' म्हटल्यावर पंधरा मिनिटं." जेवणाला दोन तास. समाचाराला आलेल्याला अर्धा तास, त्याहून जास्त नाही, कारण "अर्ध्या तासानंतर रडणं थांबतं आणि घराच्या वाटणीच्या गोष्टी सुरू होतात." लग्नाची पत्रिका द्यायला बारा मिनिटं. मुलगी पाहायला दीड तास. पसंती असल्यास अर्धा तास वाढवून मिळतो.

हा सगळा खटाटोप गाडी उभी करण्यासाठी आहे, हे आधी सांगायला हवं होतं.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; दौलतगंजातली आमची गल्ली तोंडाशी जराशी रुंद आहे आणि पुढे इतकी अरुंद, की समोरासमोर आलेल्या दोन स्कूटरवाल्यांत ओळख झाल्याशिवाय राहत नाही. घरं बांधली तेव्हा गाड्या नव्हत्या, त्यामुळे एकाही घराला गाडीपुरती जागा नाही. पूर्वी जो आधी येईल त्याची जागा आणि जो नंतर येईल त्याचं भांडण, अशी पद्धत होती. मग वॉर्ड ऑफिसने गल्लीच्या तोंडाशी नऊ पिवळ्या चौकटी आखल्या. सात चौकटी रहिवाशांच्या: वर्षाचं शुल्क भरा, काचेवर परवाना चिकटवा. दोन चौकटी पाहुण्यांच्या. त्यासाठी प्रत्येक घराला, गाडी असो वा नसो, दरवर्षी बारा परच्यांचं एक पुस्तक. परचीवर पाहुण्याचं नाव, गाडीचा नंबर आणि वेळ लिहायची, अर्धी फाडून काचेमागे ठेवायची, अर्धी पुस्तकात राहते. परची नसेल तर जॅमरची गाडी येते आणि चाकाला कुलूप ठोकते.

याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी होती. मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते आणि घरी वाण्याच्या यादीपासून दिवाळीच्या फराळाच्या डब्यांपर्यंत सगळ्याची यादी करते, हे गल्लीला माहीत आहे. रजिस्टर माझ्याकडे आलं. देखरेखीचं काम कोणी कोणाला दिलंच नव्हतं. ते केशवकाकांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टूल घेऊन चबुतऱ्यावर बसले होते, पाहुण्यांच्या चौकटींच्या बरोबर समोर.

केशव धुमाळ, वय सत्तरच्या पुढे. एका कापड गिरणीत टाइमकीपर होते. फाटकावर बसायचे, कोण किती वाजता आत गेला आणि कधी बाहेर आला ते लिहायचे. गिरणी बंद पडून जमाना झाला. नंतर त्यांनी किला गेटपाशी एका दुकानाचं गोदाम बरीच वर्षं सांभाळलं, पण नोकरी कुठे केली असं विचारलं तर अजूनही उत्तर येतं, "टाइम ऑफिस." गल्ली त्यांना 'टाइम साहब' म्हणते. गल्लीत आता मराठी घरं दोनच उरली, त्यांचं आणि आमचं, म्हणून आम्हीच तेवढे केशवकाका म्हणतो. माझे मिस्टर त्यांच्या डोळ्यांदेखत लहानाचे मोठे झाले, त्या हिशेबाने मी सूनबाई.

त्यांच्या मते पार्किंग ही नवी गोष्ट नाहीच. "आमच्या खापरपणजोबांकडे पागेचं काम होतं," ते सांगतात. "दख्खनेतून आलेले घोडे. हर एक घोड्याचा खुंटा ठरलेला. दुसऱ्याच्या खुंट्याला घोडा बांधला की सोडून आणायची जबाबदारी स्वाराची, आणि त्या दिवशी घोड्याला दाणा, स्वाराला नाही." मग पिवळ्या चौकटींकडे बोट दाखवून म्हणतात, "हे खुंटेच आहेत. फक्त लीद नाही."

छापील परचीवर तारखेखाली तीनच रकाने आहेत. चौथा रकाना केशवकाकांनी पट्टीने आखायला लावला: कारण. मी आधी विरोध केला. कोण कोणाकडे कशाला आलं हे लिहिणं मला बरं वाटेना. पण कारण कळलं की वेळ कळते, आणि वेळ कळली की दुसऱ्या पाहुण्याला कधी बोलवायचं ते सांगता येतं. महिन्याभरात मीही रजिस्टरमध्ये तो रकाना काढला. उपयोगाची गोष्ट कोणाच्याही डोक्यातून आली तरी घ्यावी.

त्याचा सगळ्यात मोठा उपयोग माझ्याच घरी झाला. माझ्या ईशाला पाहायला इंदूरची मंडळी आली होती. परचीवर लिहिलं, 'मुलगी पाहणे, दीड तास.' पोहे झाले, चहा झाला, ईशा आणि मुलगा गच्चीवर जाऊन बोलून आले. मुलाची आई मात्र दर पाच मिनिटांनी बोलणं 'घरी गेल्यावर कळवतो' या वळणावर आणून ठेवत होती. इतक्यात बेल वाजली. दारात केशवकाका, मनगट डोळ्यांसमोर.

"माफ करा. टाइम संपला. गाडी काढावी लागेल."

मुलाचे वडील उठायलाच लागले. केशवकाका पुढे म्हणाले, "पसंती असेल तर अर्धा तास वाढतो. तशी नोंद करावी लागेल. आहे का?"

मी मिस्टरांकडे पाहिलं, मिस्टर भिंतीकडे पाहत होते. मुलाच्या वडिलांनी एकदा बायकोकडे, एकदा मुलाकडे आणि एकदा खिडकीतून आपल्या नव्या गाडीकडे पाहिलं.

"आहे," ते म्हणाले.

"नोंद झाली," म्हणून केशवकाका खाली गेले. ईशा आता इंदूरला सुखात आहे. फोनवर आधी विचारते, "आई, टाइम काका कैसे हैं? त्यांना सांग, दोन साल झाले, वेळ अजून वाढवूनच चालू आहे."

स्वतः केशवकाकांकडे गाडी नाही. एक सायकल आहे, ती जिन्याखाली उभी असते आणि तिच्यावर बटाट्यांची पिशवी टांगलेली असते. पण पुस्तकं मिळायच्या दिवशी वॉर्ड ऑफिसच्या रांगेत पहिला नंबर त्यांचा. पुस्तकाचं शुल्क भरतात, परच्या तिथेच उभं राहून मोजतात. बारा असतात. मग घरी येतात.

आता त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट. ती गल्लीत सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे ती केशवकाकांच्या कौतुकासाठी सांगतात. आईवडील लवकर गेले, तेव्हा दत्ताला त्यांनीच वाढवलं. शिकवलं, बँकेत लागला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले, त्याचं लग्न करून दिलं. त्यांचं स्वतःचं त्या धावपळीत राहून गेलं. दत्ताकाकांनी पुढे शहराच्या दुसऱ्या बाजूला, मुरारला घर बांधलं. तरी दर रविवारी ते आपली राखाडी गाडी घेऊन दादाकडे यायचे, जेवायचे, दुपारी तिथेच झोपायचे आणि संध्याकाळी उठून परत जायचे.

चौकटी आखल्या त्याच आठवड्यात, संक्रांतीच्या दिवशी, दत्ताकाका गजकाचा, म्हणजे इकडच्या तिळाच्या वड्यांचा, खोका घेऊन आले. गाडी पाहुण्यांच्या चौकटीत लावली. चबुतऱ्यावरून केशवकाका म्हणाले, "दत्ता, परची."

"अरे दादा, भावाच्या घरी यायला परची?" दत्ताकाका हसत हसत वर गेले.

केशवकाका पुस्तक खिशात घेऊन खालीच बसले, तो येऊन मागेल म्हणून. दत्ताकाका वर बसले, दादा येईल म्हणून. तेवढ्यात जॅमरची गाडी आली. माणसाने विचारलं, "यह किसकी है?" पुस्तक खिशात होतं. एक परची फाडायला किती वेळ लागतो, हे गल्लीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण नियम असा, की पाहुण्याने गाडीतून उतरतानाच परची लावायची.

"बिना परची की है," केशवकाका म्हणाले.

कुलपाचा आवाज ऐकून दत्ताकाका खाली आले. आम्ही सगळे आपापल्या दारात होतो.

"दादा, तू सांगितलंस?"

"विचारलं त्यांनी. खोटं बोलू?"

"खोटं कशाला? गप्प बसायचं होतं."

"तुला परची घे म्हटलं होतं, दत्ता."

दत्ताकाकांनी दंड भरला. गजकाचा खोका चबुतऱ्यावर ठेवला, कुलूप निघेपर्यंत गाडीकडे तोंड करून उभे राहिले, आणि गेले. समोरचे भदौरियाजी म्हणाले, "मान गए टाइम साहब, सगे भाई को भी नहीं छोड़ा!" मी रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, शेरा लिहिला: जॅमर. त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत विनापरची गाडी लावायची कोणाची हिंमत झाली नाही. चौकटींची पद्धत आमच्याकडे रुजली त्याचं हेच मुख्य कारण, असं मी वॉर्ड ऑफिसला लेखी कळवलंही.

दत्ताकाका त्यानंतर आले नाहीत. हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने लागले. न आलेल्या पाहुण्यांसाठी माझ्या रजिस्टरमध्ये रकाना नाही.

मार्चमध्ये मी घरोघर जाऊन कोणी किती परच्या वापरल्या ते लिहून घेते. भदौरियाजींच्या बारा ऑगस्टपर्यंतच संपतात. आमच्या दहा-अकरा होतात. केशवकाका सांगतात, "शून्य." पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी शून्य. तरी त्यांच्याकडून कोणाला एक परची मिळत नाही. भदौरियाजींकडे नातवाचं मुंडण होतं तेव्हा ते हात जोडून चबुतऱ्यापाशी आले.

"टाइम साहब, आपके यहाँ तो कोई आता-जाता नहीं. दो परची दे दीजिए."

"और कोई आ गया तो?"

"कौन आएगा?"

"आने वाला बताकर आता है क्या?"

भदौरियाजींनी पाहुण्यांच्या गाड्या लांब मोठ्या रस्त्यावर लावल्या, आणि मुंडणाचे लाडू केशवकाकांकडे पाठवले नाहीत. टाइम साहब कंजूस आहेत, असं गल्लीचं मत झालं. मलाही ते थोडंफार पटलं होतं. रांगेत उभं राहून घ्यायचं, वापरायचं नाही आणि द्यायचंही नाही, याला दुसरं काय म्हणायचं?

यंदाच्या मार्चमध्ये वॉर्ड ऑफिसचा कागद आला. पुस्तकांची मागणी वाढली आहे, तेव्हा ज्या घरी वर्षभरात एकही परची वापरली गेली नाही, त्या घराला पुढे पुस्तक मिळणार नाही. असं घर आमच्या गल्लीत एकच होतं. मी कागद घेऊन चबुतऱ्यापाशी गेले आणि वाचून दाखवला.

केशवकाकांनी कागद माझ्याकडून घेऊन स्वतः वाचला. मग चौकटींकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझ्याकडे येणाऱ्याने गाडी कुठे लावायची?"

"काका, अजून नऊ दिवस आहेत. एक परची फाडली तरी पुरे. भदौरियाजींना द्या, त्यांचे जावई रविवारी येताहेत."

"जावई त्यांचे. माझ्या पुस्तकात त्यांचं नाव कसं लिहू?"

"कोण बघतंय?"

ते माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मला कळलं की मी टाइम ऑफिसात बोलू नये ते बोलले आहे. "सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "गिरणीत माणसं पाया पडायची. मुलगा आजारी आहे, आज हजेरी लावून टाका. मी नाही लावली. जो आला नाही, त्याची हजेरी लागत नाही. बस."

मी घरी आले. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी कपाटातून चौकटींच्या नियमांचा मूळ कागद काढला आणि पेन्सिल घेऊन बसले. लोक नियमांवर चिडतात, पण पूर्ण वाचत नाहीत. सहाव्या कलमापाशी मी रेघ मारली. शनिवारच्या यादीत लिहिलं: गॅसचा नंबर लावणे, ईशाच्या सासूबाईंना फोन, लोणच्याची बरणी उन्हात, के.का.

शनिवारी चार वाजता मी स्कूटर काढली. आमच्या दारापासून पाहुण्यांच्या चौकटीपर्यंत चार घरांचं अंतर आहे. मी हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली, चार घरं चालवली आणि चौकटीत उभी केली. भदौरियाजी खिडकीतून बघत राहिले.

केशवकाका स्टुलावरून उठले. "सूनबाई, ही पाहुण्यांची जागा आहे."

"मी पाहुणीच आहे. तुमच्याकडे आले."

"गल्लीतला माणूस पाहुणा कसा?"

मी कागद पुढे केला. "कलम सहा. 'पुस्तकधारकाच्या घरी न राहणारी कोणतीही व्यक्ती पाहुणा समजली जाईल.' मी तुमच्या घरी राहते का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. कलम वाचलं. मग आधीचं आणि नंतरचंही वाचलं, त्यात काही अट लपलेली नाही ना म्हणून.

"नाही राहत," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. मग मनगट वर केलं. "काम?"

"चहा."

"चाळीस मिनिटं," केशवकाका म्हणाले, आणि पुस्तक आणायला इतक्या घाईने जिना चढले, की मीही मागोमाग गेले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच बसले. पुस्तक एका गजकाच्या खोक्यात होतं. पुठ्ठा कोपऱ्यांवर मऊ पडलेला, दोरी मात्र नीट गाठ मारून ठेवलेली. त्यांनी पुस्तक उघडलं, पहिली परची उलटली आणि दुसरीवर लिहायला लागले.

"काका, पहिली राहिली," मी म्हटलं. क्रम चुकलेला मला दिसतोच.

"ती भरलेली आहे."

दुसरी परची फाडताना पुस्तक माझ्याकडे वळलं, तेव्हा पहिली मी वाचली. नाव, दत्ताजी धुमाळ. गाडीचा नंबर, जो माझ्याही रजिस्टरमध्ये एकदा लिहिलेला आहे. पट्टीने आखलेल्या चौथ्या रकान्यात कारण, 'राहायला'. वेळ, 'अट नाही'. अक्षर एकदम सुबक, टाइम ऑफिसातलं. फक्त तारीख कोरी होती.

केशवकाका खाली जाऊन माझ्या स्कूटरला परची लावून आले, मग चहा ठेवला. चहा बरा होता, साखर जास्त. ईशाचं विचारलं, मिस्टरांच्या गुडघ्याचं विचारलं. शाळेत मुलांची हजेरी आता संगणकावर लागते हे ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. "मग दारात बसून तोंड कोण बघतं?" म्हणाले. मी सांगितलं, कोणी नाही. गिरणीच्या फाटकावर साडेतीनशे माणसं ते चालण्यावरून ओळखायचे, अंधारातसुद्धा. मग दत्ता लहानपणी डबा घेऊन फाटकावर यायचा, त्याचंही नाव ते गमतीने कागदावर लिहायचे, आला इतके वाजता, गेला इतके वाजता. एवढं सांगून ते कप आत ठेवायला गेले.

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून चव्वेचाळीस. स्कूटर लावली तेव्हा चार वाजून चार मिनिटं झाली होती, हे माझ्या लक्षात होतं. मी उठले, हेल्मेट उचललं, किल्ली काढली.

केशवकाका दारात आले. त्यांनी मनगटाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे. पुस्तक अजून त्यांच्या हातात होतं.

"टाइम संपला," ते म्हणाले. मग जरा खाकरून, "खिचडी टाकणार आहे मी. जेवणाला दोन तास मिळतात. अजून एक फाडू?"

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि मिस्टरांना फोन लावला, की आज त्यांचं त्यांनी वाढून घ्यावं.